भिवराबाईंची अट आणि माझे सांधे

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो, आणि अलीकडे लोक मला गाडीही म्हणतात नि घरही म्हणतात. मला दोन्ही चालतं. हाक कुणीही मारली तरी मी जागची हलत नाही, हलायला मला पुढे जीप लागते. माझ्या वयाच्या बाईनं स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, हे मला कळतं. पण माझी गोष्ट दुसरं कोण सांगणार? अजिनाथ मिस्तरींना सांगायला लावली, तर ते सिमेंटपासून सुरू करतील आणि सिमेंटपाशीच संपवतील. भिवराबाई तर निम्म्यातच हसत सुटतील.

माझा जन्म आष्टीचा. बाजारतळामागच्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी अँगल, जाड पत्रा आणि मोडीत निघालेल्या कुठल्याशा जीपचा आस एकत्र आले नि मी झाले. दोन चाकं, तीन फळ्या, एक खालीवर होणारं दार. अजिनाथ मिस्तरींनी मला घरी नेलं, तेव्हा भिवराबाईंनी माझ्या चाकावर पाणी घालून कुंकू लावलं होतं. नव्या सुनेला लावतात तसंच. नव्या सुनेसारखंच मग लगेच कामालाही जुंपलं.

मिस्तरी म्हणजे गवंडी. स्लॅबच्या लोखंडी प्लेटा, लाकडी बल्ल्या, सिमेंटच्या गोण्या, वाळू, पाण्याचे ड्रम असं सगळं माझ्या पाठीवर. आष्टी तालुक्यातली कितीतरी घरं आधी माझ्यावर बसून गेली आणि मग उभी राहिली. एकदा तर वऱ्हाडाचा टेम्पो रस्त्यात बंद पडला, तेव्हा करवल्यांना मीच लग्नाला पोचवलं. सिमेंटनं त्यांचे शालू मागून पांढरे झाले, पण गाणी म्हणायचं काही त्या थांबल्या नाहीत. "ही ट्रॉली न्हाई बे, म्हैस हाय, कितीबी लादा," असं मिस्तरींचे दोस्त तानाजीभाऊ म्हणायचे. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. म्हैस म्हटलेलं मला लागलं नाही. ज्यानं म्हैस पाळली आहे त्याला ठाऊक आहे, ते कौतुकच असतं.

पुढे मिस्तरींचे गुडघे बोलायला लागले. बांधकामाच्या पायाडावर चढणं बंद झालं, तसं माझंही बाहेर जाणं बंद झालं. अंगणातल्या लिंबाखाली मला उभी केली. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. शेजारच्या दगडाबाईंची शेळी माझ्यावर चढून लिंबाचा पाला ओरबाडायची आणि वर माझ्याकडेच तुच्छतेनं बघायची. मित्रांनो, वजनानं मी कधी वाकले नाही. रिकामपणानं मात्र गंजले.

एका संध्याकाळी दोघं नवराबायको चहाच्या कपबशा घेऊन माझ्या काठावर बसले होते.

"कोल्हापूरला जायचं का?" मिस्तरींनी विचारलं.

"कावून? कोण वारलं?"

"कुणी न्हाई वारलं. आपलं बघायला."

भिवराबाईंनी बशीतला चहा फुंकला. "मी बघितलंय की कोल्हापूर. लई बघितलंय. बुडख्यापासून."

बुडखा म्हणजे उसाचा जमिनीलगतचा भाग. कोयता तिथं चालतो. भिवराबाई ऊसतोड्यांच्या घरच्या. आमच्या आष्टीच्या पट्ट्यातून दिवाळी झाली की बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्यात माघारी येतात. लग्न होईपर्यंत भिवराबाई आईबापाच्या मागं त्याच रस्त्यानं जात राहिल्या. कोल्हापुरात कैक हंगाम काढले, पण अंबाबाईचं देऊळ पाहिलं नाही, रंकाळा पाहिला नाही. फड, कोपी, आणि लांबवर कारखान्याची चिमणी, एवढंच त्यांचं कोल्हापूर.

"ऱ्हायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

मिस्तरींनी माझ्या फळीवर थाप मारली. माझ्यातली कोंबडी दचकून उडाली.

"हिच्यात. भिंती घालतो, वर छत टाकतो. खिडक्या लावतो. तानाजीची जीप हाय ओढायला. कधी जायचं ते तू सांग."

भिवराबाईंनी उरलेला चहा पिऊन बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जायचं तर श्रावणात. आमी पोचायचो तवर पाऊस गेलेला असायचा, आन् यायच्या आत आमी माघारी. उभा ऊस पावसात कसा दिसतो ते मला ठावं न्हाई. जो तोडायचा न्हाई असा ऊस एकदा बघायचाय." आणि मग बोट वर करून, "पण एक सांगून ठेवते. एक थेंब जरी अंगावर पडला ना मिस्तरी, तर मी तिथूनच माघारी. परत या गाडीत पाय ठेवायची न्हाई."

ही अट कुठून आली ते मिस्तरींना माहीत होतं, आता तुम्हालाही सांगते. कोपी म्हणजे बांबू वाकवून, वर उसाचं पाचट आणि चटई टाकून केलेली झोपडी. एका हंगामात अवकाळी पाऊस आला, तेव्हा लहानगी भिवरा तापानं फणफणलेल्या भावाला मांडीवर घेऊन कोरडी जागा शोधत रात्रभर इकडून तिकडं सरकत होती. कोरडी जागा काही सापडली नाही. भाऊ वाचला, पण छतातून पडणारा थेंब त्यांच्या मनातून गेला नाही. आजही घरात कुठं टप असा आवाज झाला, तर आधी त्यांची मान वर जाते.

म्हणजे मित्रांनो, कोल्हापूर राहिलं बाजूला. खरा प्रश्न माझ्या सांध्यांचा होता.

मिस्तरींनी मला घडवायला घेतलं ते अगदी घर बांधतात तसं. चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा केला, त्याला आतून प्लायवूड, बाहेरून पांढऱ्या रंगाचा पत्रा. खिडक्या एका पाडलेल्या दुकानातल्या सरकत्या काचेच्या. छताला आतून काही लावलं नाही, पाइप उघडेच ठेवले, कपडे अडकवायला बरे म्हणून. प्रत्येक कोपऱ्याला ओळंबा लावून पाहिला. सगळं शंभर टक्के सरळ आलं, तेव्हा तानाजीभाऊंनी माझ्या एका चाकाखालची वीट पायानं सरकवली. मी कलले.

"आता लाव ओळंबा," ते म्हणाले. "बे मिस्तरी, ही रस्त्यानं जाणार हाय. रस्ता कुठं सरळ हाय?"

मिस्तरींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी मला उंबरासुद्धा बसवला. मग छोटीशी वास्तुशांत झाली, नारळ फुटला, आणि भिवराबाईंनी पदरात बांधून आणलेली काळ्या घोड्याची नाल बाहेर काढली. वरातीच्या घोडेवाल्याकडून त्यांनी ती मागून आणली होती. दाराच्या चौकटीवर, बाहेरून, त्यांनी ती स्वतःच्या हातानं ठोकली. चांगले जाड खिळे, पत्र्यातून आणि प्लायमधून पार आतल्या पाइपापर्यंत. एक खिळा वाकला तो काढून दुसरा मारला. मिस्तरी हातोडी मागत होते, त्यांनी दिली नाही.

"आता दृष्ट लागायची न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला 'आपली गाडी' म्हटलं. मला लाज वाटल्यासारखं झालं.

आता राहिले सांधे. पत्र्याला पत्रा भेटतो तिथं, छताला भिंत भेटते तिथं, खिडकीच्या चौकटीभोवती, सगळीकडे फट होती. फट बुजवणं हे तर मिस्तरींचं जन्माचं काम. त्यांनी पांढरं सिमेंट कालवलं, त्यात स्लॅबला घालतात ते वॉटरप्रूफचं औषध ओतलं आणि थापीनं असं गुळगुळीत भरलं की हात फिरवला तर सांधा लागू नये. मी आरशात बघितलं असतं तर स्वतःला ओळखलं नसतं.

मग मला जीपला जोडून कडा गावापर्यंत फिरवून आणलं. त्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही अशाच एखाद्या रस्त्यानं शाळेत जात असाल. घरी पोचले तेव्हा ज्वारीच्या शिळ्या भाकरीला कडेनं भेगा पडतात तशा माझ्या प्रत्येक सांध्याला भेगा पडलेल्या. निम्मं सिमेंट वाटेतच सांडलं होतं.

"घर जागेवर असतं मिस्तरी," भिवराबाई म्हणाल्या. "ही चालते. चालणाऱ्या बाईला लोखंडी चोळी घातल्यावर दुसरं काय व्हायचं?"

मिस्तरी चिडले नाहीत, फक्त कान खाजवला. दुसरा उपाय डांबराचा. स्लॅबच्या भेगांत डांबर घालतात, ते वाकतं, फुटत नाही, इथपर्यंत त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण ते दिवस चैत्राचे. आमच्याकडे चैत्रात पत्र्यावर भाकरी भाजेल. दुपारपर्यंत डांबर पातळ झालं आणि माझ्या पांढऱ्या अंगावरून काजळ ओघळल्यासारखं खाली आलं. लग्नात रडलेल्या नवरीसारखी मी दिसत होते. एक कोंबडी त्यातून चालत गेली आणि पुढे कित्येक दिवस काळे मोजे घातल्यासारखी अंगणात हिंडत होती. वाळत घातलेली भिवराबाईंची गोधडीही त्यात गेली.

त्या गोधडीवरून घरात थोडं बोलणं झालं. ते मी इथं सांगत नाही. घरातलं आहे.

तिसरा उपाय तानाजीभाऊंनी आणला. नळकांड्यातलं पारदर्शक सिलिकॉन, आणि ते दाबायची बंदूक. "बाथरूमला सगळे हेच लावतेत," ते म्हणाले. बंदुकीचा घोडा दाबला की शेवयांसारखं बाहेर येतं. वास मात्र आंबूस, मुरायला लागलेल्या कैरीच्या लोणच्यासारखा. मिस्तरींनी ते लावलं, पण कशावर? उरल्यासुरल्या सिमेंटावर, डांबराच्या डागांवर आणि वर बसलेल्या धुळीवर. मित्रांनो, तोंड न धुता पावडर लावली तर ती टिकते का? दोन दिवसांनी भिवराबाईंनी एक टोक नखानं उचललं आणि दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी निघून हातात आली. शिवाय जिथं पत्रा कापताना लोखंड उघडं पडलं होतं तिथं त्या आंबटपणानं तांबूस गंज धरलेला दिसला.

"तुझा माल खोटा हाय," मिस्तरी तानाजीभाऊंना म्हणाले.

"माझा माल खोटा न्हाई, तुझी जागा खोटी हाय. हा काचेचा सोयरा. चोपड्या फरशीचा सोयरा. तू त्याचं लगीन डांबराशी लावलं, त्यानं काय करावं?"

दोघं दोस्त तेव्हापासून हनुमान जयंतीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. प्रसाद घेताना बोलले.

मध्यंतरी मी तशीच उभी. वाटलं, झालं. पुन्हा कोंबड्या, पुन्हा शेळी. लोकांचं मन उडतं ते असंच, मोडलेली वस्तू एकदम टाकत नाहीत, आधी तिच्याकडे बघणं बंद करतात.

पण भिवराबाई बघत होत्या. वैशाखाच्या तोंडाशी त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. वाळवण ही बायकांची परीक्षा असते, कुरडई वाळली की हातात घेऊन पाहायची, मोडते कशी, वाकते कशी. त्या दिवशी त्यांनी अर्धी कुरडई हातात धरली आणि खाली अंगणातल्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून थेट तानाजीभाऊंच्या दुकानात.

"भावजी, सांधे भरायचे जितके प्रकार असतील तितके थोडे थोडे द्या."

"वहिनी, मिस्तरींनी पाठवलं का?"

"मिस्तरी झोपलेत. तुमी द्या."

तानाजीभाऊंनी तीन नळकांडी काढली. एक ॲक्रिलिकचं, रंगवाले भिंतीच्या भेगांत भरतात ते. एक तेच सिलिकॉन, पण या वेळी आंबट वासाचं नसलेलं. आणि एक करड्या रंगाचं, जड, ज्याला ते 'पीयू' म्हणाले. बसच्या, टेम्पोच्या बॉडीला हे लावतात, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना स्वतःच थबकले.

"मग आधी कावून न्हाई दिलं?"

"मिस्तरीनं गाडीसाठी मागितलंच न्हाई वहिनी. ते घरासाठी मागत होते."

भिवराबाईंनी माझ्याच पत्र्याचे उरलेले तुकडे घेतले. थिनरच्या फडक्यानं लख्ख पुसले. दोन तुकडे किंचित फट ठेवून शेजारी शेजारी मांडले आणि फटीत एक एक प्रकार भरला. तीन जोड्या केल्या आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी उन्हात ठेवल्या. दगडाबाई गच्चीवरून ओरडल्या, "भिवरा, ह्या कसल्या गं कुरडया?"

"गाडीच्या. तळून देऊ का?"

कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या, तरी त्या जोड्या उन्हातच. पुरतं ऊन खाऊन झाल्यावर त्यांनी मिस्तरींना वर बोलावलं आणि एकेक जोडी त्यांच्या हातात दिली. "वाकवा. ओढा. रस्त्यावर ही जशी हिसके खाती तसे हिसके द्या."

ॲक्रिलिक आटून आत गेलं होतं, पहिल्याच हिसक्याला मधून चिरलं. हे घराच्या भिंतीला बरं, सावलीत बसून राहणाऱ्याला. सिलिकॉन छान ताणलं गेलं, रबरासारखं, पण त्यावर भिवराबाईंनी रंगाचा फटकारा मारून ठेवला होता तो बोटानं पुसून निघाला. त्यावर रंग बसत नाही, आणि उद्या दुरुस्तीला दुसरं काही लावावं तर तेही बसत नाही. करड्या पीयूची जोडी मिस्तरींनी वाकवली, ओढली, पिळली. ते ताणलं, सोडल्यावर माघारी आलं, आणि दोन्ही पत्र्यांना घट्ट धरून राहिलं. रंगही जागेवर.

मिस्तरी त्या तुकड्याकडे पाहत राहिले. "लवचिक हाय," ते म्हणाले.

"धरून ठेवायचं असलं की थोडं सैल सोडावंच लागतं," भिवराबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी काय केलं?"

मग खरं काम सुरू झालं, आणि ते कंटाळवाणं होतं, म्हणून तर लोक ते टाळतात. आधी जुनं सगळं खरवडून काढायचं. सिमेंट, डांबर, सिलिकॉनची साय, सगळं. मला गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही. गंज घासून तिथं प्रायमर. थिनरनं पुसून कोरडं. फटीच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी. मग सकाळी, वारा सुटून धूळ उठायच्या आत, नळकांड्याचं टोक तिरकं कापून, एका लयीत, न थांबता भरत जायचं. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट वरून फिरवायचं, ते काम भिवराबाईंचं. पट्टी ओली असतानाच सोलून काढायची. आणि मग सगळ्यात अवघड, हात न लावता वाट बघायची. खिडक्यांच्या काचेला मात्र सिलिकॉनच लावलं. तानाजीभाऊंचा मान राहिला, आणि ते योग्यही होतं. खिडकीच्या पट्टीत खाली बारीक भोकं असतात, आलेलं पाणी बाहेर जायला. मिस्तरी तीही बुजवायला निघाले होते.

"ते ऱ्हाऊ द्या," तानाजीभाऊ म्हणाले. "पाणी कुठनं तरी जाऊ द्या की. का त्याला आतच मुक्कामाला ठेवायचंय?"

मिस्तरींनी माझा एकेक सांधा भरला. फक्त दारावरच्या नालेपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं, खिळ्याच्या डोक्याला जरासं दाबून पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुढे गेले. मला दिसलं, पण माझ्या हातात काय होतं? मला हातच नाहीत.

सगळं नीट वाळलं, आता पाणी सोडून पाहायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय ते तुम्ही जाणता. "लोकं हंड्यानं पाणी आणतेत आन् तुमी गाडीला न्हाऊ घाला," असं म्हणून भिवराबाईंनी मला ढकलत परसातल्या लिंबोणीच्या आळ्यांपाशी न्यायला लावलं, माझ्यावरून ओघळेल ते झाडांना मिळेल. मग बोअरचा पाइप, त्याला फवारा. मिस्तरी बाहेर, गुडघे सांभाळत शिडीवर. भिवराबाई आत, माझ्यातल्या पलंगावर, नवी गोधडी अंथरून उताण्या पडलेल्या. परीक्षाच तशी ठरली होती, थेंब अंगावर पडता कामा नये.

पाणी पडू लागलं. छतावर काय आवाज होत होता. मी श्वास धरून होते, म्हणजे श्वास असता तर धरला असता. कोपरे कोरडे. खिडक्या कोरड्या. छत कोरडं. तानाजीभाऊंनी बाहेरून विचारलं, "वहिनी, कसं काय?" आणि आतून आवाज आला, "कोरडं हाय." मिस्तरींच्या तोंडावर हसू आलं.

आणि टप.

बरोबर कपाळावर, कुंकवाच्या जरा वर.

भिवराबाई उठल्या. गोधडी घडी करून काखेत घेतली, उंबरा ओलांडला, आणि शिडीवरच्या मिस्तरींकडे न बघता घरात गेल्या. पाइपातून पाणी वाहतच होतं. तानाजीभाऊंनी मोटार बंद केली.

मिस्तरी माझ्या पलंगावर येऊन बसले. वर पाहिलं. त्यांना सांधे दिसत होते, भरलेले, सुंदर. त्या दिवशी घरात जेवणं झाली, पण भांड्यांचा आवाज सोडून दुसरा आवाज आला नाही. मित्रांनो, मी सिमेंटच्या गोण्या वाहिल्या आहेत. तो एक थेंब त्या सगळ्यांपेक्षा जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी भिवराबाई आल्या. चपला बाहेर काढल्या. मिस्तरी दारात उभे.

"पाणी पडतं तिथनं शिरत न्हाई," त्या म्हणाल्या, कुणाशी तरी भांडत असल्यासारख्या. "माझी आई कोपीत थेंब पडला की वर बघायची न्हाई. बांबूवर बोट ठेवायची आन् बोट उलटं चालवत जायची. ओल कुठनं आली ते ओलच सांगती."

त्यांनी पलंगावर उभं राहून छताच्या पाइपावर बोट ठेवलं. पाण्यानं धुळीत ओढलेली रेघ तिथं अजून होती. बोट पाइपावरून चाललं, पलंगापासून मागे, खिडकीवरून, कोपऱ्यातून वळून दाराच्या वर. तिथं पत्र्यातून आत आलेलं खिळ्याचं टोक होतं, आणि त्याच्याभोवती तांबूस ओला डाग.

त्या बाहेर आल्या. दारावर पाहिलं. नाल.

मी आता रडणं ऐकायची तयारी केली होती. पण भिवराबाई माझ्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मी आसावर डुलायला लागले.

"दृष्ट लागू न्हाई म्हणून लावली, आन् तिनंच पाणी आत घेतलं. माझ्याच हातचं." मग हसू ओसरलं आणि त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "तुमाला ठावं होतं."

मिस्तरी जमिनीकडे बघत म्हणाले, "शंका होती."

"मग बोललात कावून न्हाई?"

"सगळ्या गाडीला मी लावलं गं, पत्रा, प्लाय, समदं. तू स्वतःच्या हातानं एवढं एकच लावलं होतंस. ते लावल्यावर आपली गाडी म्हणालीस. ते कसं उपटायचं?"

लिंबाखाली ती काळे मोजेवाली कोंबडी काहीतरी टोचत होती.

"उपटायची न्हाई," भिवराबाई म्हणाल्या. "एकदा लावलेली नाल काढत नसतेत. पण उचलता येती. उचला, खालून भरा, आन् परत ठोका."

त्यांनी तसंच केलं. खिळे सैल करून नाल नुसती पुढे ओढली, मागचा पत्रा पुसून वाळवला, प्रत्येक भोकात आणि नालेच्या पाठीला करडं पीयू भरलं, आणि भिवराबाईंनी खिळे परत घट्ट ठोकले. या वेळी हातोडी दोघांनी धरली. चांगलं काम झालं असं म्हणवत नाही, एक खिळा तिरपा गेला. पण कडेनं पीयूची बारीक रेघ वर आली, म्हणजे खाली पुरेपूर बसलं. वरवर लेप देण्यात अर्थ नाही, मित्रांनो. आधी खाली भरायचं, मग वर दाबायचं.

नंतरच्या परीक्षेत पलंगावर पडल्या पडल्या भिवराबाईंचा डोळा लागला. मिस्तरी बाहेर पाणी मारताहेत आणि आतून घोरणं. तानाजीभाऊ म्हणाले, "पास."

श्रावणात आम्ही निघालो. कोल्हापूर पाहिलं. अंबाबाईच्या देवळात मला कुणी नेलं नाही, पण भिवराबाईंनी आल्यावर सगळं सांगितलं, रंकाळ्यावर भेळ खाल्ली तेही सांगितलं. मग पन्हाळ्याकडे जाताना दुपारी पावसानं असं गाठलं की पुढचं काही दिसेना. मिस्तरींनी जीप कडेला घेतली. शेजारी उसाचा फड होता.

भिवराबाई माझ्यात आल्या, दार लावून घेतलं. आधी सवयीनं वर पाहिलं. पाइपावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. कोरडं. मग पलंगावर बसून त्यांनी खिडकीची काच पुसली.

बाहेर ऊस होता. उभा, हिरवा, पावसात सळसळत, तुरे फुटायला अजून वेळ असलेला. वाऱ्याबरोबर सगळा फड एका बाजूला वाकायचा आणि परत सरळ व्हायचा.

मिस्तरी पुढून भिजत आले, दारात उभे राहिले. "कसा दिसतोय?"

त्या खिडकीतून नजर न काढता म्हणाल्या, "लई उंच असतो हो हा. तोडताना वर कधी बघितलंच न्हाई."

छतावर पाऊस कोसळत होता. आत एकही थेंब आला नाही. आणि त्या खाली सरकून भिंतीला टेकल्या, मिस्तरींना जागा करून दिली.

आता मी म्हातारी होत चाललेय, मित्रांनो, पण रिकामी नाही. दर पाडव्याला भिवराबाई माझ्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवतात, लेकीच्या केसांतून तेलाचं बोट फिरवतात तसं, आणि जिथं कड सुटलेली लागते तिथं थांबतात. तुमच्याही घरात, दारात कुणीतरी असं चाकांवरचं नाहीतर पायांवरचं उभं असेल. त्याच्या सांध्याला एकदा हात लावून बघा. ओल लागली तर थेंबाकडे बघत बसू नका, बोट उलटं चालवत जा. आणि जिथं पोचाल तिथं तुमच्याच हातचा खिळा निघाला, तर घाबरू नका. हसा, उचला, खालून भरा आणि परत ठोका.